गोल्ड रशच्या काळातील अमेरिकन सुवर्णनाणी : पारख, खरेदी आणि जतन

अमेरिकेतील गोल्ड रशच्या, म्हणजे सोने सापडल्यावर तिकडे लोटलेल्या गर्दीच्या, काळातली सोन्याची नाणी जमवायची असतील, तर पहिली खरेदी नाण्याची करू नये. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग या दोन वस्तू आधी घ्याव्यात आणि पुढचे दोन-तीन महिने जुन्या लिलावांतील छायाचित्रे बारकाईने पाहण्यात घालवावेत. उत्साहाच्या भरात असलेल्या माणसाला हा सल्ला रुचत नाही, मलाही रुचला नव्हता. परंतु या नाण्यांचा सगळा इतिहासच ‘यात सोने नेमके किती, आणि त्याची हमी कोणी दिली’ या प्रश्नाभोवती फिरतो. १८५० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या दुकानदाराला जो प्रश्न पडत होता, तोच आज गिऱ्हाइकापुढे असतो. हमी देणारे तेवढे बदलले आहेत.

ही नाणी का पाडली गेली

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे जॉन सटरच्या लाकूडकटाईच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल याला सोन्याचे कण सापडले. पुढच्या वर्षी हजारो माणसे तिकडे लोटली, सोने निघू लागले, पण व्यवहाराला नाणे मात्र मिळेना. फिलाडेल्फियाची टांकसाळ खंडाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि सोने तिकडे पाठवायचे तर पनामाच्या मार्गाने कित्येक आठवडे लागत. दुकानदार खाणकऱ्याची सोन्याची भुकटी औंसाला सुमारे १६ डॉलर दराने घेत, तर तीच भुकटी टांकसाळीत सुमारे १८ डॉलरची ठरत असे. हा फरक खिशात घालण्यासाठी आणि नाण्याची नड भागवण्यासाठी खाजगी पेढ्यांनी स्वतःचे ठसे बनवून नाणी पाडायला सुरुवात केली.

१८४९ मध्ये नॉरिस, ग्रेग अँड नॉरिस या पेढीचे पाच डॉलरचे नाणे आले आणि पाठोपाठ मोफाट अँड कंपनी उतरली. मोफाटच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटावर ‘लिबर्टी’ या शब्दाऐवजी कंपनीचे नाव कोरलेले असे, त्यामुळे ते लांबून सरकारी नाण्यासारखेच दिसे. बाल्डविन अँड कंपनीच्या १८५० च्या दहा डॉलरच्या नाण्यावर दोर फेकणारा घोडेस्वार होता. माझ्या मते या सबंध मालिकेतले ते सर्वांत देखणे नाणे आहे. १८५१ मध्ये या पेढीच्या नाण्यांत छापील किमतीपेक्षा सुमारे तीन टक्के सोने कमी असल्याचे उघड झाले आणि बाल्डविनची पत एका झटक्यात गेली. पेशवाईत सराफ परक्या टांकसाळीच्या रुपयावर बट्टा कापत, तसाच बट्टा या नाण्यांवर बसू लागला, आणि पुष्कळशी नाणी थेट मुशीत गेली.

मग सरकारने ऑगस्टस हंबर्ट यास अधिकृत पारखी नेमले. मराठ्यांच्या खजिन्यात नाणे पारखून घेण्याचे जे काम पोतदार करी, तेच हे काम. १८५१ पासून त्याच्या नावाने पन्नास डॉलरची अष्टकोनी नाणी निघाली. त्यांचे वजन सुमारे ८४.५ ग्रॅम, म्हणजे जवळपास सव्वासात तोळे, आणि त्यांवर सोन्याची शुद्धता ८८० किंवा ८८७ सहस्रांश अशी आकड्यांत लिहिलेली असे. एप्रिल १८५४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी टांकसाळ सुरू झाल्यावर खाजगी नाण्यांची गरज संपत गेली आणि त्यांतली बहुतेक वितळवून सरकारी नाणी पाडली गेली. आज ही नाणी दुर्मिळ असण्यामागे मूळची संख्या कमी असण्यापेक्षा हे वितळवणे अधिक कारणीभूत आहे.

कोणत्या नाण्यापासून सुरुवात करावी

नवखा संग्राहक सहसा हंबर्टच्या अष्टकोनी नाण्यावर किंवा बाल्डविनच्या घोडेस्वारावर नजर ठेवून येतो. झिजलेले अष्टकोनी नाणेसुद्धा पाच आकडी डॉलरांत जाते आणि चुकीची खरेदी तिथे फार महाग पडते, म्हणून खाजगी नाणी पहिल्या दोन-तीन वर्षांत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी खर्चातली आणि तरीही अस्सल सुरुवात म्हणजे १८५१ ते १८५३ मधील फिलाडेल्फियाचा एक डॉलरचा सोन्याचा शिक्का. ३ मार्च १८४९ च्या ज्या कायद्याने वीस डॉलरचे नाणे मंजूर झाले, त्याच कायद्याने हा डॉलरही मंजूर झाला. कॅलिफोर्नियाचे सोने पूर्वेकडे वाहू लागल्यामुळेच या वर्षांत तो लाखोंच्या संख्येने पाडला गेला. तो केवळ १३ मिलिमीटर व्यासाचा आणि १.६७२ ग्रॅम वजनाचा असतो, इतका लहान की सतरंजीवर पडला तर शोधताना घाम फुटतो. संग्रहाची सवय लागायला मात्र याच्याइतके चांगले नाणे नाही.

त्यानंतरची पायरी सॅन फ्रान्सिस्कोच्या वीस डॉलरच्या नाण्याची, ज्याला डबल ईगल म्हणतात. मागील बाजूस गरुडाच्या शेपटीखाली इंग्रजी ‘एस’ हे टांकसाळीचे चिन्ह असते. १८५५, १८५६ आणि १८५७ या वर्षांची ही नाणी बाजारात नियमित दिसतात. एकट्या १८५७ सालात ९,७०,५०० नाणी पाडली गेली. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली गिनी २२ कॅरटची आणि सुमारे ८ ग्रॅमची असते. डबल ईगल २१.६ कॅरटचे, ३३.४३६ ग्रॅम वजनाचे आणि ३४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे पावणेतीन तोळ्यांहून थोडे अधिक. १८६६ पूर्वीच्या नाण्यांवर गरुडाच्या वर देवावरील श्रद्धेचे बोधवाक्य नसते आणि १८७७ पूर्वीच्या नाण्यांवर ‘डॉलर्स’ऐवजी नुसते ‘डी’ असते. या दोन खुणांवरून नाण्याचा काळ हातात घेताक्षणी कळतो.

याच वर्षांतली न्यू ऑर्लिन्सची नाणी फार कमी आहेत. तिथले १८५४ चे डबल ईगल ३,२५० आणि १८५६ चे २,२५० एवढेच पाडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोचे १८५४ चे पाच डॉलरचे नाणे तर मुळात २६८ च होते आणि आज चारच ज्ञात आहेत. त्यांतले चौथे २०१८ साली उजेडात आले, आणि त्यापूर्वी त्याच्या मालकाला ते बहुधा बनावट असावे असेच सांगितले गेले होते. ‘एवढे दुर्मिळ नाणे माझ्या हाती कसे असेल’ हा संशय बहुतेक वेळा बरोबरच असतो, आणि क्वचित एखाद्या वेळी नसतो.

गोल्ड रश म्हणजे केवळ कॅलिफोर्निया, असेही समजू नये. त्याच्या वीस वर्षे आधी नॉर्थ कॅरोलायना व जॉर्जियात सोने निघाले होते. तिथे बेख्टलर कुटुंबाने १८३१ पासून स्वतःची नाणी पाडली, आणि शार्लट व डाहलोनेगा येथील सरकारी टांकसाळी १८३८ ते १८६१ चालल्या. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या क्लार्क, ग्रुबर अँड कंपनीने १८६० व १८६१ मध्ये नाणी काढली. हे संग्रहाचे स्वतंत्र प्रांत आहेत; एक निवडून तोच पक्का करावा.

वजन आणि पाण्यातील परीक्षा

उघडे, म्हणजे तपासणी संस्थेच्या प्रमाणित डबीत बंद नसलेले नाणे समोर आले, की आधी वजन, मग व्यास, मग कडेचे दाते पाहावेत. अमेरिकन सरकारी नाण्यांत ९० टक्के सोने असते. उरलेल्या भागात मुख्यतः तांबे असल्याने त्यांचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या मानाने ती किती पट जड तो आकडा, सुमारे १७.२ येते. ते घरी मोजता येते. एका स्नेह्याच्या झिजलेल्या डबल ईगलवर मी केलेला प्रयोग इथे पूर्ण सांगतो, कारण वाचून कळण्यापेक्षा आकड्यांतून तो लवकर कळतो.

कोरडे नाणे काट्यावर ३३.३१ ग्रॅम भरले. मूळ वजनापेक्षा थोडे कमी, पण चलनातून फिरलेल्या नाण्याला ते शोभणारे. मग काट्यावर शुद्ध केलेल्या पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्य केला. रेशमाचा बारीक धागा नाण्याला बांधून ते पाण्यात असे लोंबकळत धरले, की ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला लागणार नाही. काट्याने १.९४ दाखवले. ३३.३१ ला १.९४ ने भागले असता १७.१७ येतात; नाण्याचा धातू बरोबर होता. नाण्यावर चिकटलेला हवेचा एक बुडबुडाही उत्तर बिघडवतो, म्हणून तीनदा मोजावे. नंतर नाणे मऊ सुती कापडावर ठेवून पाणी टिपून घ्यावे. पुसू मात्र नये.

ही परीक्षा धातू सांगते, ठसा सांगत नाही. खऱ्या ९० टक्के सोन्याची बनावट नाणीही पूर्वीपासून बनत आली आहेत आणि ती काट्यावर सहज पास होतात. तिथे भिंग लागते. ओतीव नाण्यावरची अक्षरे वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी गोलसर दिसतात, मोकळ्या भागात बारीक फोड दिसतात, आणि कडेवर जोडाची रेघ राहू शकते. टांकसाळीचे ‘एस’ हे चिन्ह नंतर चिकटवलेले असेल, तर त्याच्या पायाशी केसासारखी फट किंवा रंगाचा फरक दिसतो. फिलाडेल्फियाच्या स्वस्त नाण्याला ‘एस’ चिकटवून महाग करणे हा जुनाच उद्योग आहे.

खाजगी नाण्यांना मात्र १७.२ हा आकडा लावू नये. कॅलिफोर्नियाच्या नैसर्गिक सोन्यात चांदी मिसळलेली असते आणि खाजगी पेढ्या ती नेहमी वेगळी काढत नसत. त्यामुळे त्यांचे विशिष्ट गुरुत्व थोडे वेगळे येते आणि रंगही लालसर न दिसता फिका, किंचित हिरवट पिवळा दिसतो.

१८४८ च्या अडीच डॉलरच्या एका नाण्याचा उल्लेख इथे करणे भाग आहे. कॅलिफोर्नियाचे लष्करी गव्हर्नर कर्नल मेसन यांनी वॉशिंग्टनला सुमारे २३० औंस सोने पाठवले, आणि त्यातून फिलाडेल्फियात पाडलेल्या १,३८९ नाण्यांवर गरुडाच्या वर ‘कॅल’ ही (कॅलिफोर्नियाच्या संक्षिप्त रूपाची) अक्षरे ठोकली गेली. ही अक्षरे नाणे ठशातच असताना ठोकलेली असल्याने दर्शनी बाजू त्या जागी चपटी झालेली नसते. साध्या १८४८ च्या नाण्यावर कोणी नंतर अक्षरे ठोकली असतील, तर दुसऱ्या बाजूला त्या जागी दाबल्याची खूण उमटते. नाणे उलटून तिरक्या उजेडात ती जागा पाहिली, की बहुतेक वेळा निकाल लागतो.

अस्वलाचे नाणे

माझी स्वतःची पहिली खरेदी याच अज्ञानातून झाली. सॅक्रमेंटोजवळच्या एका नाणे-प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला पाव डॉलरचे इवलेसे सोनेरी नाणे, सोबत १८५० च्या दशकातले म्हणून एक गोष्ट, अशा दोन्ही वस्तू विकल्या. घरी येऊन भिंगाखाली धरले तर मागे अस्वल होते आणि ‘१/४’ या आकड्यापुढे कोणतेच एकक नव्हते.

कॅलिफोर्नियात सुट्या पैशांची टंचाई असल्यामुळे १८५२ पासून पाव, अर्धा आणि एक डॉलरची चिमुकली गोल व अष्टकोनी सोन्याची नाणी खाजगीरीत्या निघाली. खाजगी नाणी पाडण्यास १८६४ च्या कायद्याने बंदी आली तरी त्यांचे उत्पादन १८८२ पर्यंत चालू राहिले. अस्सल नाण्यावर किमतीच्या आकड्यासोबत डॉलर, त्याचे संक्षिप्त रूप किंवा सेंट्स यांपैकी काही तरी लिहिलेले असते. ज्यावर एककाचा उल्लेख नाही आणि अस्वल आहे, ते नंतर बनलेले स्मरणचिन्ह समजावे, मग त्यावर साल कोणतेही असो. माझे ते नाणे मी अजून ठेवले आहे, कारण शिकवणी स्वस्तात झाली.

डबी, श्रेणी आणि जहाजातले सोने

उघड्या नाण्यांचा धोका पत्करायचा नसेल तर पीसीजीएस (स्थापना १९८६) किंवा एनजीसी (स्थापना १९८७) या नाणी पारखणाऱ्या संस्थांनी तपासून प्लॅस्टिकच्या बंद डबीत घातलेले, म्हणजे ‘स्लॅब’ केलेले नाणे घ्यावे. नाण्याच्या अवस्थेच्या १ ते ७० या मोजपट्टीवर ४० व ४५ ला ‘एक्स्ट्रीमली फाइन’, ५० ते ५८ ला ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’ आणि ६० पासून पुढे ‘मिंट स्टेट’ म्हणतात. या नाण्यांत ४५ ते ५५ या पट्ट्यात पैशाच्या मानाने सर्वांत चांगले नाणे मिळते, असे मला वाटते. डबीतल्या चिठ्ठीवर आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असा शब्द असेल, तर नाणे अस्सल आहे पण घासलेले, पॉलिश केलेले किंवा दागिन्यातून काढलेले आहे. पदकासाठी लावलेली कडी काढून तिथल्या झाळकामाची खूण झाकलेली असते; ती नाण्याच्या कडेवर घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे सर्वांत वरच्या बिंदूला शोधावी.

बनावट डब्याही बाजारात आहेत, हे ध्यानात ठेवावे. चिठ्ठीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र आणि हातातले नाणे यांच्यावरील ओरखडे जुळतात का, हे पाहावे. सोन्यावर पडलेला चरा हा बोटाच्या ठशासारखा असतो. दोन नाण्यांवर सारखा पडत नाही.

१२ सप्टेंबर १८५७ रोजी ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज कॅरोलायनाच्या किनाऱ्यापुढे वादळात बुडाले, सव्वाचारशेच्या आसपास माणसे गेली आणि टनावारी सोने तळाला गेले. १९८८ मध्ये त्याचा शोध लागला आणि १८५७ ची पाच हजारांहून अधिक ‘एस’ चिन्हाची डबल ईगल जवळजवळ नवी करकरीत अशी वर आली. त्याआधी हे नाणे कोऱ्या अवस्थेत विरळ समजले जाई. नंतर ते त्या दशकातले सर्वांत सहज मिळणारे कोरे डबल ईगल ठरले. २०१४ मध्ये त्याच जहाजावर पुन्हा उतरून आणखी नाणी काढण्यात आली. ज्यांनी जुन्या भावाने आधी घेतले होते त्यांचे काय झाले असेल, याचा विचार दुर्मिळतेच्या नावाखाली मोठी रक्कम मोजण्यापूर्वी जरूर करावा. जहाजातले नाणे घ्यायचेच असेल, तर डबीवरील चिठ्ठीत जहाजाचे नाव असलेलेच घ्यावे. नुसत्या तोंडी हकिकतीला जादा पैसे देऊ नयेत.

भाव कसा ठरवावा

डबल ईगलमध्ये ०.९६७५ ट्रॉय औंस (सोने मोजण्याचा औंस) शुद्ध सोने असते. त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने याला गुणले की तळाची किंमत मिळते. विक्रेता त्याच्या वर जे मागतो ते नाण्याच्या दुर्मिळतेचे आणि अवस्थेचे. हे दोन आकडे कागदावर वेगवेगळे लिहावेत, कारण सोने चढले की पहिला आपोआप चढतो, दुसरा मात्र तसाच राहतो किंवा उतरतोही. दुसऱ्या आकड्याची खातरजमा करण्यासाठी हेरिटेज आणि स्टॅक्स बोअर्स या लिलावगृहांचे संपलेल्या लिलावांचे निकाल पाहावेत. विक्रेत्याने लावलेला भाव म्हणजे झालेला व्यवहार नव्हे. लिलावात बोलीवर सुमारे २० टक्के खरेदीदाराचा अधिभार पडतो. तो धरूनच आपली कमाल बोली ठरवावी.

सीमा ओलांडताना

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी संग्राहकाने तिथेच खरेदी व तिथेच साठवण करणे सोयीचे. विक्रीतून दीर्घकालीन नफा झाला तर तिथे संग्राह्य वस्तूंना २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, म्हणून खरेदीची पावती हरवू नये. नाणे भारतात आणायचे असेल तर सीमाशुल्काचे नियम वारंवार बदलत असल्याने निघण्याआधी कस्टम्स एजंटाकडून लेखी माहिती घ्यावी आणि विमानतळावर नाणे न विसरता जाहीर करावे. पुराणवस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी येतात आणि त्यांच्या निर्यातीवर बंदी आहे. एकदा इथे आलेले १८५७ चे नाणे पुढे लिलावासाठी अमेरिकेत परत पाठवणे म्हणूनच सोपे नाही.

जतन आणि नोंद

नाणे नेहमी कडेने, गादीवर किंवा जाड कापडावर धरावे. रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशने चमकवण्याची आपल्या घरची सवय इथे विसरावी. अशा एका धुण्याने पडणारे बारीक चरे डबीवर ‘डिटेल्स’ आणतात. सराफाकडे दाखवायला नेले तर कसोटीवर घासू नका, हे आत पाऊल टाकण्यापूर्वीच सांगावे. मला एकदा काउंटरच्या पलीकडून दगड पुढे सरकताना हात धरून थांबवावा लागला आहे. उघडी नाणी पीव्हीसीच्या मऊ पाकिटात न ठेवता मायलरच्या पाकिटात आणि बँकेच्या लॉकरमध्ये, सोबत सिलिका जेलची पुडी घालून ठेवावीत. घराच्या नेहमीच्या विम्यात नाण्यांसाठीची मर्यादा फार तुटपुंजी असते, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी.

प्रत्येक नाण्यासाठी वहीत एक पान राखावे. त्यावर साल, टांकसाळ, वजन, डबीचा क्रमांक, खरेदीची तारीख, त्या दिवशीचा सोन्याचा भाव, दिलेली रक्कम आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे असावीत. पानाच्या तळाशी घरच्यांसाठी सोप्या भाषेत दोन ओळी लिहाव्यात : हे वजनावर विकू नये, डबी फोडू नये, आणि विकायचे झाल्यास अमुक दोन लिलावगृहांकडून आधी अंदाज मागवावा. ते पान लॉकरच्या किल्लीसोबत ठेवावे, कारण पावणेतीन तोळ्यांचे बिनाचिठ्ठीचे सोने पाहिल्यावर घरातल्या कोणाच्याही मनात पहिल्यांदा पाटल्याच येतात.